बर्फाचा वाफसा

डेन्व्हर,
जानेवारी

चि. दादू यास अनेक आशीर्वाद.

गुलमर्गच्या स्की-कोर्सला तुझा नंबर लागल्याचं वहिनीनं कळवलं. फार आनंद झाला. परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, सपाट उतारावर शिकलेलं बरं की उंचवट्यांवर?" फोनवर घाईत काहीतरी सांगून टाकायचं जिवावर आलं, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

उतार कसा आहे हे मागाहून बघायचं. त्या घटकेला बर्फ कसा आहे, हे आधी. तोच उतार सकाळी नऊला एक असतो, अकराला दुसरा आणि तीनला तिसराच. उताराच्या तोंडाशी रंगीत पाटी असते, हिरवी सोप्याची, निळी मधल्याची, काळी अवघडाची. ती पाटी चढ किती ते सांगते, आजचा बर्फ सांगत नाही. सकाळी गोठलेल्या निळ्या उतारावर घसरणारी माणसं दुपारी मऊ पडलेल्या काळ्या उतारावरून सुखानं उतरताना मी इथे पाहते.

तू परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतोस, त्यामुळे तुला हे एका शब्दात कळेल: वाफसा. आपल्या काळ्या रानात पाऊस उघडल्या-उघडल्या औत घातलं तर माती फाळाला चिकटते आणि मागे ढेकळं निघतात. फार थांबलं तर जमीन औताला दाद देत नाही. मधले थोडे दिवस कामाचे. अण्णा बांधावर उकिडवे बसून मूठभर माती दाबायचे आणि मगच गड्याला हाक मारायचे. बर्फाची परीक्षा मी तशीच करते. हातमोज्यात मूठभर घेऊन दाबायचा. गोळा न होता भुरभुरला तर कोरडा, नवा. गोळा झाला तर ओलसर, वळायला सगळ्यात सोयीचा. दाबल्यावर पाणी गळलं तर ऊन फार झालं. आणि बोटांनी उकरूनही हाती आला नाही, तर तो काल वितळून रात्री गोठलेला. त्याच्यापासून जपून राहायचं.

आता उंचवट्यांचं. स्कीइंगमध्ये त्यांना मोगल म्हणतात. ते कुणी बांधत नाही, स्पर्धेचे तेवढे मुद्दाम घडवतात. तीव्र उतारावर पहिला माणूस वळतो तेव्हा स्कीची कड बर्फ खरवडून बाजूला सारते. मागचा त्याच खळग्यातून वळतो, कारण तिथे वळणं सोपं जातं. शेकडो माणसं गेली की खळगे खोल होतात, मधले ढीग गुडघ्याच्या, कधी कमरेच्या उंचीला येतात. सपाट उतार तसाच राहतो तो यंत्रामुळे. रात्री पट्ट्यांची मोठी गाडी फिरते, कडक पापुद्रा फोडते, बर्फ कालवते आणि दाबून मागे बारीक सरळ रेघा सोडते. त्यानंतर काही तास त्याला कुणी हात लावायचा नसतो. तेवढ्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना सांधतात आणि सकाळी पायाखाली आधार मिळतो.

एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेन्व्हरहून बर्थूड घाट ओलांडला की विंटर पार्क लागतं. तिथला मेरी जेन हा भाग उंचवट्यांसाठी नावाजलेला. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी तिथल्या एका उताराची हंगामभर छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की उंचवटे डोंगर चढतात! दिवसाला सुमारे ८ सेंटिमीटर, हंगामाअखेर सुमारे १० मीटर. बर्फ तर खालीच जातो. पण माणूस उंचवट्याच्या खालच्या अंगाला कड रोवून वेग आवरतो, तिथला बर्फ खरवडला जातो आणि खालच्या उंचवट्याच्या वरच्या अंगावर जाऊन बसतो. प्रत्येक उंचवटा खालून झिजतो, वरून भरतो. म्हणून त्याचा आकार वर सरकत राहतो. हे वाचल्यापासून मी प्रत्येक उंचवट्याकडे नीट बघते: खरवडलेला, कडक भाग कुठे आणि येऊन साचलेला मऊ बर्फ कुठे. वेग कमी करायचा तो त्या साचलेल्या मऊ बर्फावर. खळग्याच्या तळाशी बर्फ घासून घासून काचेला आलेला असतो, तिथे ब्रेक लागत नाही.

म्हणून माझा हिशोब असा. रात्री गोठलं असेल तर सकाळी यंत्राने फिरवलेला सपाट उतारच. तोही वेगवान आणि कडक असतो, पण कड धरायला सारखी जागा देतो. गोठलेले उंचवटे मात्र गुडघे आणि कंबर मोडतात, तिकडे फिरकायचं नाही. ऊन चढून वरचा थर दोन-तीन बोटं मऊ झाला की उंचवटे गोड होतात. उलट त्याच वेळी सपाटीवर ओला बर्फ जड होऊन स्की मागे ओढू लागतो, वेगात असताना एकदम अडकवतो. ताजा बर्फ पडला तर उंचवटे झाकले जातात; दिसायला सपाट, पायाला नाही. ढगाळ उजेडात सावल्या नसतात, तेव्हा तर ते मुळीच दिसत नाहीत. त्या दिवशी झाडांच्या कडेनं, जाणत्याच्या मागे हळू जायचं.

उंचवटे म्हणजे धाडस, असं तुझे मित्र म्हणतील. १९९२ च्या अल्बरव्हिल ऑलिंपिकपासून या प्रकाराला पदकं आहेत आणि आज त्यात ६० टक्के गुण वळणांना, २० उड्यांना, २० वेगाला मिळतात. सारा खेळ वळणांचा. गुडघे उंचवट्यावर दुमडायचे, खळग्यात सोडायचे. छाती उताराकडे, हात पुढे, नजर दोन उंचवटे पलीकडे. भीतीनं अंग मागे टाकलंस की स्कीची टोकं उचलली जातात आणि वळण हातचं जातं. हे सगळं आधी सपाटीवर मुरवावं लागतं. तेव्हा पहिला आठवडा सपाट, आणि मन लावून सपाट.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. शिकाऊंचे उतार खालीच आहेत. केबल कार मात्र अफरवटवर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते. तिथला बर्फ बराचसा जसा पडला तसाच असतो आणि हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. शिक्षकाशिवाय वर जाऊ नकोस. हे आत्याचं ऐकच. तिकडे बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ कधी कधी आपल्याकडची हवाही बिघडवतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं ज्वारी, हरभरा झोपला, तेव्हा तू लहान होतास. हवामानाचा अंदाज बघायची घरची सवय तिथे सोडू नकोस.

हेल्मेट आणि गॉगल तिथे मिळेल ते घालून बघून घे, सैल नको. पाय थरथरू लागले की "शेवटची एक" म्हणू नकोस, तिथेच थांब. आणि रोज सकाळी उतारावर जाण्याआधी मूठ दाबून बघ. काय हाती आलं ते मला संध्याकाळी दोन ओळींत कळव. कोणता उतार घ्यायचा ते आपण मिळून ठरवू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या