कोडोली ते जुने गोवे : एका दिवसाची सफर

2024 मध्ये 7 मेची निवडणूक ड्युटी संपवून आम्ही दोघे घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मुलीने विषय काढला, "गोव्याला जाऊ या." ती दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती. पुढे अकरावीला कोल्हापूरच्या वसतिगृहात जाणार होती. तिच्या मनातला गोवा म्हणजे समुद्र. सातवीतल्या धाकट्याला बोटीत बसायचे होते. आम्हाला जुने गोवे पाहायचे होते, कारण इतिहास शिकवतो आणि पाहिलेला नाही, याची लाज वाटत होती.

सगळ्यांत आश्चर्य अम्मींचे. पंच्याहत्तरीला आलेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्या म्हणाल्या, "मडगावला फेस्ताचा बाजार भरतो. मला तिथे न्या." आमच्या खाला सावंतवाडीला दिलेल्या होत्या. त्या हयात होत्या तोवर दर उन्हाळ्याच्या अखेरीस सुके बांगडे आणि सोले पाठवायच्या आणि सोबत निरोप असायचा, "पुरुमेंताचा माल आहे, जपून वापरा." हा पुरुमेंत शब्द पोर्तुगीज, अर्थ आपली बेगमी. पावसाळ्यात समुद्र बंद आणि वाटा चिखलाच्या, म्हणून गोव्याच्या लोकांनी उन्हाळ्यातच सुके मासे, मिरच्या, आमसुले, चिंच, कडधान्ये भरून ठेवायची. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचा सण नेमका याच दिवसांत येतो, त्यामुळे त्या सणालाच पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. ईस्टरनंतरचा सातवा रविवार हा त्याचा दिवस. 2024 मध्ये तो 19 मेला होता. 2025 मध्ये 8 जूनला, म्हणजे बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी आला. बाजार मात्र सणाच्या पुढे-मागे काही दिवस असतो.

मुक्काम करायचा नाही हे आधीच ठरले. मे महिन्यातले गोव्यातले लॉजचे दर आमच्या पगाराला झेपणारे नव्हते आणि अम्मींना परक्या अंथरुणावर झोप लागत नाही. म्हणजे एकाच दिवसात जाऊन यायचे. जाताना अडीचशे किलोमीटर, येताना जवळपास तेवढेच.

बेत ऐकून मामू संध्याकाळी घरी आले. "ज्या गावात आपल्या माणसांची कत्तल झाली तिथे सहल काढता? आणि तीही त्यांच्या सणाला?"

सणाचे उत्तर अम्मींनीच दिले. आमच्या कोडोलीत अमेरिकन मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. गावात चर्च आहे, मिशनचा दवाखाना होता. अम्मी आपल्या धाकट्या भावाला म्हणाल्या, "तू मिशनच्या दवाखान्यात जन्मलास, तेव्हा अब्बांनी विचारलं नव्हतं कुणाचा सण आहे म्हणून. आम्ही बाजाराला चाललोय. बाजार हा बाजार असतो."

पण कत्तलीचे काय? मामू चुकीचे बोलत नव्हते. जुने गोवे पोर्तुगिजांनी वसवले असे आपण सरसकट म्हणतो, पण ते आयते मिळालेले शहर होते. मांडवीकाठचे हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीचे, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या पन्हाळ्यावर ज्यांनी तीन दरवाजा बांधला त्यांचेच. अरबस्तानातून घोडे इथे उतरत आणि दख्खनभर जात. 1510 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने ते घेतले, काही महिन्यांत गमावले आणि 25 नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली ती त्याने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवली. हे आम्ही मामूंना सांगितले आणि मुलांनाही. मग मुलगीच म्हणाली, "मग तर बघायलाच पाहिजे." मामू चहा न घेता गेले.

पुढचे चार दिवस वहीच्या पाठकोऱ्या कागदावर वेळापत्रक चालले. जुने गोवे, तिथून मडगाव पस्तीस किलोमीटरच्या आत, मडगावहून फोंडा वीसच्या आत, आणि फोंड्याहून मोले, अनमोड घाट, बेळगावमार्गे घरी. पणजी गाळली. किनारा गाळला, तेव्हा मुलगी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागते. मग नकाशात सापडले की जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते आणि पायी माणसांना तिकीट नसते. समुद्र नव्हे, पण पाणी तरी. धाकट्याची बोटही त्यात भागली.

नमाजचा हिशोब सोपा होता. हनफी मसलकात अठ्ठेचाळीस मैलांच्या, म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटरच्या, पुढे जाणारा मुसाफिर. गावाची वस्ती ओलांडली की चार रकातींच्या फर्जाऐवजी दोन. मात्र मशिदीत स्थानिक इमामांच्या मागे उभे राहिलो तर पूर्ण चार. फजर आणि मगरिब आहेत तशाच.

जेवण घरचे : भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, कांदा. खिमा न्यायचा मोह आम्ही टाळला, मेमधल्या बंद गाडीत तो दुपारपर्यंत टिकत नाही. अम्मींसाठी घडीची खुर्ची घेतली. हा खर्च वाचकांनी जरूर करावा, सगळ्या सामानात तिचाच उपयोग सर्वाधिक झाला.

रविवारी पहाटे साडेतीनला निघालो. गाडी भाच्याची, चालवणाराही तोच. वाठारला हायवेला लागलो आणि फजर निपाणीजवळ झाली. उजाडले तसा आम्ही गाडीत शब्दांचा खेळ काढला, शिक्षकांच्या मुलांची सुटका नसते. पोर्तुगिजांकडून आलेले शब्द सांगायचे. पाव, बटाटा, काजू, पगार, चावी, बादली, मेस्त्री, पेरू, पपई. उर्दूच्या बाजूने अलमारी, कमरा, पादरी, नीलाम. त्याच नीलामचा मराठीत लिलाव झाला. तंबाखू शब्द निपाणीत आठवला, हे योग्यच झाले. भाचा म्हणाला, "मिरची?" शब्द त्यांचा नाही, पण मिरची त्यांनीच अमेरिकेतून आणली. त्याआधी कोल्हापुरात तांबडा रस्सा कशाने तांबडा होत होता, या प्रश्नावर आजरा आले.

आंबोली घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली आणि वेळापत्रक तिथेच मोडले. सावंतवाडीत बायकांसाठी बरे स्वच्छतागृह शोधण्यात आणखी अर्धा तास. पेट्रोल पंपावर डिझेल भरतानाच विचारून घ्यावे, हॉटेलवर अवलंबून राहू नये. साडेनऊऐवजी पावणेअकराला जुन्या गोव्यात पोचलो.

पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. एवढी मोठमोठी चर्चे आणि आजूबाजूला गावच नाही. सोळाव्या शतकात हे पूर्वेकडचे नामांकित शहर होते. पुढे रोगराईने माणसे मेली, उरलेली निघून गेली, आणि 1759 मध्ये व्हाइसरॉयनेही पणजीला बस्तान हलवले. तेही आदिलशहाने बांधलेल्या जुन्या वाड्यात! बॉम जेझूचे चर्च 1605 चे, बाहेरून गिलावा नसलेला तांबडा जांभा दगड. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत आहे. समोरचे से कॅथेड्रल अवाढव्य. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही. हे कॅथेड्रल सेंट कॅथरीनच्या नावाचे, कारण 25 नोव्हेंबर हा तिचा दिवस. रविवारी आत प्रार्थना चालते, त्या वेळी पर्यटकांनी बाहेर थांबावे. आम्हीही थांबलो. अम्मी झाडाखाली खुर्चीवर बसल्या आणि शेजारी बसलेल्या एका ख्रिस्ती आजीबाईंशी गुडघ्यांच्या तेलावर बोलू लागल्या. एकीची कोकणी, दुसरीची कोल्हापुरी, अडले काहीच नाही.

तिथून धक्क्याकडे निघालो. वाटेत सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ एक एकटा दगडी दरवाजा उभा आहे. आदिलशहाच्या वाड्यातला एवढाच शिल्लक म्हणून तो दाखवतात. आणि थोडे पुढे, धक्क्याच्या वाटेवर, व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने ती त्याच्या स्मरणार्थ बांधली. मधे कोसळली होती, 1954 मध्ये पुन्हा उभी केली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की या कमानीखालून शहरात शिरत असे. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. शहराच्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक युरोपीय स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडला आहे.

मुलगी बराच वेळ वर बघत होती. मग तिने विचारले, "हा पायाखालचा माणूस आपला आहे का?"

आम्ही दोघे रोज चाळीस-चाळीस मुलांना उत्तरे देतो. तिथे काही सुचले नाही. भाचा म्हणाला, "इथलाच कुणीतरी." ती म्हणाली, "पण आदिलशहांनी तरी हे गाव कुणाकडून घेतलं होतं?" ते सांगणे भाग होते. त्यांच्याआधी बहमनींचे होते, आणि बहमनींच्या महमूद गावानने ते 1472 मध्ये विजयनगरकडून जिंकले. समोरच्या दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे देऊळ होते, ते पोर्तुगिजांनी पाडले. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी केला. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे पायाखाली बरेच जण आहेत."

फेरीबोटीतून पलीकडे गेलो आणि उतरून त्याच बोटीने परत आलो. पाण्यावरून ती कमान झाडीत लहानशी दिसते. धाकट्याचे पोट आता ठीक होते आणि तो कठड्याला चिकटून उभा होता. मुलीने ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि वाऱ्याकडे तोंड केले. समुद्राचे नाव तिने दिवसभरात पुन्हा काढले नाही.

बारा वाजून गेले होते. आता मडगाव आणि फोंडा दोन्ही जमेल का, असा प्रश्न आला. आम्ही अम्मींना म्हणालो, एक निवडा. त्या म्हणाल्या, "दोन्ही. जेवण गाडीत करा." म्हणून जुहर धक्क्याजवळ सावलीत चटई टाकून दोन रकाती, आणि भाकरी चालत्या गाडीत.

मडगावच्या चर्चभोवतालचे रस्ते माणसांनी भरलेले होते. नवे कपडे घातलेली कुटुंबे, खाज्याच्या राशी आणि सुक्या माशांचा वास. बांगडे, कोळंबी, मोरीच्या सुक्या फोडी, मीठ लावलेले आणि न लावलेले. मिरच्यांची पोती, सोलांचे ढीग. एक सूचना : माळेसारखे टांगलेले लालसर सॉसेज दिसते, ते चोरिस, डुकराचे. मासेवाल्यांकडे ते नसते, तरी मुलांना आधीच सांगून ठेवावे. अम्मींना खुर्चीसकट एका विक्रेतीपुढे बसवले. चाळीस मिनिटे त्या भाव करत होत्या. बांगडा मोडून, वास घेऊन, परत ठेवून. शेवटी त्या बाईने दोन मुठी कोळंबी वर घातली आणि म्हणाली, "तुमच्या गावाक पावस पडता मगो?" अम्मी म्हणाल्या, "पन्हाळ्याखाली राहतो, पाऊस कसा नाही?"

हे चर्चही साधे नाही. 1564 च्या सुमारास देऊळ पाडून ते बांधले आणि त्याच शतकात आदिलशाही फौजांच्या स्वारीत ते जळाले. आताची इमारत 1675 ची. आम्ही हे मुलीला सांगितले तेव्हा ती हसली, "तुमचा धडा संपतच नाही."

फोंड्याला पोचायला पावणेपाच झाले. सफा मशीद शहराबाहेर दोन किलोमीटरवर, रस्त्यालगतच आहे. 1560 मध्ये बांधलेली. लहानशी, कौलारू छपराची, पुढे मोठा चिरेबंदी हौद आणि हौदाच्या आतल्या भिंतींत कमानींचे कोनाडे. फोंडा तेव्हा विजापूरकडे होते आणि पुढेही दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या हाती गेले नाही, म्हणून ती वाचली. 1560 हेच गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाल्याचेही साल. वीस किलोमीटरवर, एकाच वर्षी, एकीकडे मशीद उभी राहत होती आणि दुसरीकडे धर्मन्यायालय बसत होते. ते पुढे, मधला थोडा खंड सोडला तर, 1812 पर्यंत चालले.

जमात होऊन गेली होती, त्यामुळे असरही दोनच रकाती. अम्मींनी बाहेरच्या मोकळ्या जागेत, मोडक्या खांबांजवळ, खुर्चीवर बसून नमाज पढली. पढून झाल्यावरही बराच वेळ हात उठलेले होते. भाचा घड्याळ दाखवत होता. आम्ही त्याला गप्प केले.

परतीला मगरिब रामनगरच्या अलीकडे, इशा बेळगावला. कोडोलीत शिरलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. गाडीतला माशांचा वास पुढे आठ दिवस गेला नाही आणि भाचा अजून बोलून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी अम्मींनी सुक्या बांगड्यांचे एक पुडके मामूंकडे पाठवले. संध्याकाळी ते आले, या वेळी चहा घेतला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले. उठताना दारात थांबून त्यांनी विचारले, "त्या मशिदीच्या हौदात पाणी आहे का अजून?"

आहे, आम्ही म्हणालो.