आजीचं अंगण

जोगेश्वरी पूर्वेला राहणाऱ्यांना आरेच्या पाड्यांवरून टोपल्या घेऊन येणाऱ्या वारली बायका नवीन नाहीत. पावसाची चाहूल लागली की त्यांच्याकडे शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. माझी आई त्यातल्या एकीकडूनच भाजी घ्यायची. आमच्या घरात लहानथोर सगळेच तिला आजी म्हणत. आज मी गिनी कोंबड्यांची पिल्लं वाढवून, विकून घर चालवतो. मला कुणी विचारलं की हे तुम्ही कुठं शिकलात, तर मी आरेतल्या तिच्या पाड्याचं नाव सांगतो.

आमची कंपनी बंद पडली तेव्हा माझ्या हातात थोडे पैसे होते आणि पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. गिनी कोंबडीबद्दल मी वाचलं होतं. मूळची आफ्रिकेतली, राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं बोडकं आणि त्यावर शिंगासारखा उंचवटा. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिथं कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी असे तिचे तीन वाण तयार झाले. साध्या खुराड्यात भागतं, किडे-गोचीड वेचून खाते, कोंबडीपेक्षा काटक असते, हे सगळं मला पाठ होतं. ती भटकते, असंही एका ओळीत लिहिलेलं होतं. त्या ओळीत काय काय सामावलंय याची मला कल्पना नव्हती.

मोठे झालेले पक्षीच आणले. चाळीत ठेवण्याजोगी जागा नव्हती. आजीला विचारलं, तर तिनं अंगणाच्या कडेचं जुनं खुराडं रिकामं करून दिलं. भाडं किती, वाटा किती, असा एक शब्द तिनं काढला नाही. दोन दिवस पक्षी कोंडून ठेवले आणि दार उघडलं. ते अंगण ओलांडून गवतात शिरले, तिथून रानाच्या दिशेनं गेले. संध्याकाळी थोडे परतले आणि खुराड्यात न जाता झाडावर चढून बसले. आरेत बिबट्याचा वावर, शिवाय रानमांजरं आणि मुंगसं. सकाळी झाडाखाली पिसं दिसायची.

पळाली, पळाली, असं मी म्हणत होतो. आजी म्हणाली, "पोरा, पळाली कुठं? त्यांना आपलं घर कुठंय तेच माहीत नाही." एका बाजूच्या पंखाची पिसं कातरावीत, म्हणजे उडता येणार नाही, असं मी सुचवलं. ते तिला पटलं नाही. कुत्रं आलं तर मग त्यांनी जायचं कुठं, असं तिनं विचारलं. पिसं झडून पुन्हा येतात हे मला ठाऊक होतं, पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिलेल्या पाखरांनी वैशाखात बांधाच्या गवतात अंडी घातली. ती आजीनंच हुडकून काढली. एका टोकाला चांगलीच निमुळती, आणि कवच इतकं टणक की नखानं वाजवलं तर खडा वाजल्यासारखं वाटे. तिच्याकडे एक गावठी कोंबडी खुडूक झाली होती, तिच्याखाली ती ठेवली. गिनी आपली पिल्लं ओल्या गवतातून फिरवत नेते आणि ती गारठून मरतात. गावठी कोंबडी अंगण सोडत नाही, हे आजीला जन्मापासून माहीत. अडचण एकच होती. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, गिनीचं 26 ते 28 दिवस घेतं. मुदत टळल्यावर ती उठून गेली तर? आजी रोज पहाटे कणी आणि पाणी तिच्या चोचीपुढं नेऊन ठेवायची, म्हणजे तिला लांब जावं लागू नये. कोंबडी उठली नाही. पट्ट्यापट्ट्यांची, लाल पायांची पिल्लं बाहेर आली.

ती मोठी होईपर्यंत आजीनं त्यांना मोकळं सोडलंच नाही. रोज दिवस मावळताना डब्यावर बोटानं टकटक करायची आणि बाजरी टाकायची. खुराड्यात कंदील लावायची, कारण काळोख्या जागेत गिनी शिरायला तयार नसते. दीडेक महिन्यानं सोडायची वेळ आली तेव्हा निम्मीच सोडली. आतली हाका मारत राहिली, बाहेरची जाळीभोवतीच घुटमळली. गिनीला कळपावाचून करमत नाही. आजीनं तो स्वभावच दोरीसारखा वापरला. पुढं सगळीच सुटली, तरी उन्हं कलली आणि डबा वाजला की गवतातून एकामागून एक ओळीनं येऊ लागली. सकाळी मात्र ऊन चांगलं वर आल्याशिवाय दार उघडायचं नाही, म्हणजे अंडी आत पडतात.

हे सारं नंतर मला पुस्तिकांतही सापडलं. आजीला अक्षरओळख नव्हती आणि गिनी कोंबडी तिनं माझ्याबरोबरच पहिल्यांदा पाहिली होती. गावठी कोंबड्यांबरोबर गेलेल्या आयुष्यातून तिनं हे एकेक ताडलं. माझा मात्र बेकारीत दिवस कसाही उगवायचा, कसाही मावळायचा. त्या डब्याच्या वेळेला पाड्यावर असलंच पाहिजे, एवढ्या एका बंधनानं मला पुन्हा उभं केलं. नोकरी गेलेल्या माणसाला धीराचे शब्द पुष्कळ मिळतात. तिनं मला रोज करायचं काम दिलं.

पहिली विक्री झाल्यावर मी पैसे घेऊन गेलो. तिनं कणीचे तेवढे घेतले. आता आजी नाही. ज्या पाड्यावर तिच्या कितीतरी पिढ्या राहिल्या, तो पाडा आरे दूध वसाहत उभी राहण्याच्या आधीपासून तिथं आहे. तरीही राहत्या जागेच्या हक्कासाठी तिथल्या अनेक कुटुंबांना अजून झगडावं लागतं. माझ्या संसाराला ज्या अंगणानं आधार दिला, त्या अंगणावरचा त्यांचा हक्क कागदावर यावा, असं मला मनापासून वाटतं. आणि तो मागायला ती माणसं उभी राहतात, तेव्हा मी त्यांच्यासोबत असतो.

गिनी कोंबड्या पाळायचं कुणाच्या मनात असेल, तर मोठी पाखरं आणू नका. अंडी आणा, गावठी कोंबडीखाली बसवा, पिल्लं दीड महिना आत ठेवा आणि संध्याकाळचं दाणापाणी एक दिवसही चुकवू नका. काही अडलं तर जोगेश्वरीला या. मला जे शिकवलं गेलं, ते मी शिकवीन. त्याचे पैसे घेणार नाही.