फांदी कशाने तुटली?

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी काकतालीय न्याय शिकवला, तेव्हा मागच्या बाकावरचे आम्ही सारे हसलो होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्यानेच फांदी तोडली असे म्हणणारा मूर्ख असेल तरी कोण? तो मूर्ख त्याच बाकावर बसला होता, हे मला पुढे मे महिन्यात कळले.

आजीला दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून बाबांनी एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली आहे. त्या दिवशी आजीला मागे बसवून मी वाशीतल्या एका पंपावर थांबलो आणि ऐटीत 'फुल' म्हणालो. नळी खट् करून आपोआप थांबली. आकडा होता १,८६२. "दादा, कट झालंय," पंपावरचा पोरगा म्हणाला. "अरे, दोन हजार कर," मी म्हणालो. राउंड फिगर हा आमचा घराण्याचा रिवाजच! त्याने थेंबथेंब करीत आकडा पुरा केला.

मी सेल मारला. इंजिन नुसते कण्हले. मागे हॉर्नचा गोंगाट, आजी घामाघूम. माझे डोके फिरले. "पेट्रोलमध्ये भेसळ आहे!" मी ओरडलो. व्यवस्थापकांनी फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवला; तो डाग न ठेवता उडून गेला. तरीही मी तक्रारवहीत त्या पोराविरुद्ध पानभर लिहिले. भाषा विषयात मला बरे गुण मिळतात. ते तिथे कामी आले.

पुढे आणखी तीन पंपांवर हाच प्रकार घडला. टाकी भरली की गाडी रुसायची, एरवी सुरळीत चालायची. वाशीतले सगळेच पंप भेसळ करतात, असा सिद्धान्त मी जवळजवळ मांडलाच होता. इतक्यात 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला आणि बाबांनी मला तुर्भ्याच्या एका गॅरेजात धाडले.

तिथल्या काकांनी यंत्र लावले. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त, एवढेच त्याने सांगितले. "हे यंत्र रोग्याची तक्रार सांगतं, रोग नाही," काका म्हणाले. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला : "कट झाल्यावर आणखी भरता का?" मी गप्प.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून एका लहानशा झडपेची, पर्ज व्हॉल्व्हची, टाकीकडची नळी काढली आणि तिच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितले. बोट आत ओढले जात होते. त्यांनी झडपेची विजेची जोडणी काढली. आता ती मिटायला हवी होती. पण ओढ तशीच. झडप उघडीच अडकली होती. काढून ठोकली, तर तिच्यातून काळी पूड पडली.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर न सोडता सक्रिय कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि इंजिन चालू असताना ही झडप ती वाफ हळूहळू इंजिनात जाळायला सोडते. आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरत गेलो. वाफेसाठीच्या वाटेने पेट्रोलच डब्यात शिरले, कोळसा भिजून फुटला आणि त्याची पूड झडपेत अडकली. म्हणून टाकी भरताच दाट वाफ थेट इंजिनात जाई आणि त्याला ठसका लागे.

एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटले. वाचल्यावर उलगडा झाला. लॉस एंजलिसच्या धुरक्याचे मूळ पेट्रोलच्या वाफा, गाड्यांचा धूर आणि ऊन यांत आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवले. १९७०च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात वाफ अडवणे सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्येही या वाफेवर मर्यादा आहे. म्हणजे आमच्या राउंड फिगरची वाफ वाशीकरांच्याच नाकात जात होती!

झडप आणि डबा दोन्ही बदलले. बिल पाहून बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

गाडी दुरुस्त झाली, तरी तक्रारवहीतले पान तसेच होते. मी त्या पंपावर गेलो. तो पोरगा आता टायरमध्ये हवा भरत होता. "तुमच्या तक्रारीनंतर इकडे टाकलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागले. व्यवस्थापकांकडून वही मागून माझ्या त्या पानाखाली लिहिले : दोष पेट्रोलचा नव्हता, या मुलाचाही नव्हता. टाकी त्याने नको म्हटल्यावरही मीच भरायला लावली होती.

पुढच्या पंधरवड्याला तो पुन्हा नळीपाशी दिसला. नळी खट् झाली. आकडा १,७४३. त्याने माझ्याकडे पाहिले.

"बस," मी म्हणालो आणि मोजून १,७४३ रुपये दिले. गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली.