चुंबळ

मनोरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होते. जांभई आली आणि उजव्या कानापुढे कट् असा आवाज झाला. जबडा अर्ध्यावरच अडला. पलीकडे मार्वेला पोचेपर्यंत मी गाल धरून बसले होते.

त्याआधी सहा महिने कान ठणकत होता. तपासल्यावर कान स्वच्छ निघाला. मग एका दवाखान्यात दाढ काढली. दाढ गेली, ठणका राहिला. ती दाढ चांगली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. आईनं भाजलेला सुका बोंबील पुढे ठेवला की मी ताट सरकवायची. कोळ्याच्या घरात हे केवढं दुःख, ते आईच्या तोंडावर दिसायचं.

शेवटी नायर दंत महाविद्यालय गाठलं. डॉक्टरबाईंनी माझीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. मग त्यांनी कवटीखाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला अंगठा दाबला, तशी कळ थेट कानशिलात गेली. मानेकडे कुणी बघेल असं मला वाटलंच नव्हतं.

त्यांनी समजावलं. चेहऱ्याची, जबड्याची दुखरी जाणीव नेणाऱ्या नसेचं मेंदूतलं केंद्र खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरलेलं असतं. मानेच्या वरच्या तीन नसांचे निरोपही तिथेच येतात. म्हणून दुखते मान आणि कळतं ते कानात, दाढेत. त्यात डोकं पुढे काढून बसलं की हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात, खालचा जबडा मागे ओढला जातो. माझे आठ तास संगणकापुढे जायचे आणि प्रवास मोबाइलवर.

"वरचा मणका सरकलाय, झटक्यात बसवून देतात," असं मला कुणीतरी सुचवलं होतं. बाईंनी ठाम नकार दिला. मणका सरकल्यानं जबडा बिघडतो याला भक्कम पुरावा नाही, आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच जातात. तिथे झटका नको. मला त्यांनी व्यायाम दिला: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, आणि हनुवटी सरळ मागे.

हनुवटी मागे म्हणजे किती, ते मला जमेना. आईनं फळीवरून जुनी चुंबळ काढली, माझ्या डोक्यावर ठेवली, वर रिकामी पाटी. चाळीस वर्षं तिनं म्हावरं असंच वाहिलं. तिची मान आता रात्री दुखते, तेव्हा ते ओझं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण पाटी डोक्यावर असताना हनुवटी पुढे काढताच येत नाही. रोज बोंबील वाळवायच्या वलांडीपर्यंत आणि परत, अशी मी दोन महिने चालले.

परवा तिसरं बोट आत गेलं. आईनं लगेच बोंबील भाजायला घेतला.

"आये, आज कालवणातलाच दे," मी म्हटलं. "सुका पुढच्या आठवड्यात."

तिनं तो परत डब्यात ठेवला.