शाळेच्या दिवशीच पोट का दुखतं?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि आठवड्याभरात दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. मूल सकाळी उठतं, पोट धरून बसतं, दूधही घेत नाही. शाळेची वेळ टळली की तासाभरात खेळायला लागतं. रविवारी तर काहीच होत नाही. मग आई किंवा आजोबा मला सांगतात, "डॉक्टर, नुसती नाटकं करतंय बघा पोरगं."

पालकहो, हा शब्द मुलासमोर वापरू नका. बहुतेक वेळा ही पोटदुखी खरी असते.

ब्रिटनमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली शाळेत जाणाऱ्या १,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कोणताही आजार सापडला नाही. आपल्या आतड्यांना मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी हालचालही दुखायला लागते. परीक्षेच्या आधी तुमच्याही पोटात गोळा आला असेल. त्याला कुणी नाटक म्हटलं नाही.

आधी आजार नाही ना, ते पाहा

पुढीलपैकी काही असेल तर घरी ओवा-हिंग करत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा : बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वारंवार किंवा हिरवट उलटी, शौचावाटे रक्त, लघवीला जळजळ, वजन कमी होणं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा जुलाब आणि काविळीकडेही लक्ष ठेवा.

यातलं काही नसेल तर कारण मुलाच्या दिनक्रमात शोधायचं.

झोप : सुट्टीत रात्री अकरा-बाराला झोपणारं मूल एका दिवसात नऊला झोपत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितले, त्यामागेही मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं. दर दोन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि मोबाईल झोपण्याआधी तासभर दूर ठेवा, स्वतःचासुद्धा.

न्याहारी आणि शौच : चहा-बटर ही न्याहारी नव्हे. भाकरी-दूध, उपीट, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, घरात असेल ते चालेल. खाल्ल्यानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते. म्हणून न्याहारीनंतर मुलाला दहा मिनिटं निवांत शौचाला बसू द्या. त्यासाठी अर्धा तास लवकर उठवावं लागेल. शाळकरी मुलांच्या पोटदुखीत बद्धकोष्ठता हे फार मोठं कारण आहे, आणि घरच्यांना बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो.

डोळे आणि कान : फळ्यावरचं न दिसणारं मूल क्वचितच तसं सांगतं, कारण सगळ्यांनाच असं दिसतं अशी त्याची समजूत असते. त्याचं लिहिणं मागे पडतं, बोलणी बसतात आणि शाळा नकोशी होते. वर्षाच्या सुरुवातीला एकदा डोळे तपासून घ्या.

भीती : हे कारण सर्वांत उशिरा कळतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातली मुलगी चौथीपर्यंत गावच्या शाळेत हसतखेळत गेली. पाचवीला शहरातल्या मोठ्या शाळेत आली आणि रोज सकाळी पोट दुखू लागलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं व्यवस्थित. आईला जरा बाहेर बसवून मी तिला फक्त एवढंच विचारलं, "शाळेत पाणी कधी पितेस?" ती म्हणाली, "पीतच नाही." तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. सहा तास लघवीला जावं लागू नये म्हणून ती घोटभर पाणीही पीत नव्हती. त्यातून शौचाला खडा होत होता आणि वर रोजची धास्ती. तिची आई वर्गशिक्षिकांना जाऊन भेटली, कडी बसली. पोटदुखी पूर्ण थांबायला मात्र तीन आठवडे गेले.

म्हणून "शाळा कशी झाली?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बरी" असंच येतं. डबा कुणाबरोबर खाल्लास, शेजारी कोण बसतं, लघवीला कधी गेलास, गाडीत कुणी त्रास देतं का, असं विचारा. समोर बसवून नको, भाजी निवडताना किंवा गाडीवरून जाताना विचारा. शिरोळकडच्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या मुलांना पाऊस वाढला की घर सोडून जाणं नको वाटू शकतं.

दुखणं खरं आहे, मग शाळा बुडवू द्यायची का? आजाराची खूण नसेल तर नाही. जितके दिवस घरी, तितकं परत जाणं जड. "दुखतंय हे मला कळतंय, आपण उपाय करतोय, तू शाळेत जा, जास्त झालं तर बाईंना सांग," एवढं शांतपणे म्हणा. बाईंनाही आधी कल्पना देऊन ठेवा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर पुन्हा दाखवा.

आपलं जयसिंगपूर ज्यांच्या काळात वसलं, त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकांना होता, मुलाला नव्हे. मूल शाळेत का जाऊ शकत नाही हे शोधणं आजही मोठ्यांचंच काम आहे. उद्या सकाळी पोट दुखलं, तर रागवण्याआधी पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा.