उलटे आटे

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आबांची विलीज जीप उभी असते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्धानंतर त्यांतल्या काही लिलावांतून भारतातल्या लोकांकडे आल्या. आमची जीप त्यांतलीच. तिचं स्टीअरिंग अजूनही डावीकडे आहे.

आबा सैन्यात ईएमईमध्ये मेकॅनिक होते. दोन वर्षांपासून जीप रस्त्यावर सरळ चालत नव्हती. यंदा मे महिन्यात बाबा म्हणाले, "या सुट्टीत नीट झाली नाही तर भंगारवाल्याला देऊन टाकू." आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाकायला आणि वजन उचलायला मनाई होती. त्यामुळे ठरलं, डोकं आबांचं आणि हात माझे.

पहिल्या दिवशी जीप जॅकने उचलून चासीखाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा आबांचा पहिला नियम. या जीपला पुढे आजच्या बहुतेक मोटारींसारख्या कॉइल स्प्रिंग नसतात. एक सरळ अ‍ॅक्सल असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाटे असतात, एकावर एक रचलेले 8. पाट्यांचं मागचं टोक चासीला पक्कं असतं आणि पुढचं टोक शॅकलमध्ये झुलतं. चाक दगडावर चढलं की पाट्यांची कमान सपाट होते, म्हणजे तिची लांबी वाढते. ती वाढ शॅकल झुलून सामावून घेतो.

शॅकल म्हणजे यू आकाराचा पोलादी आकडा. त्याच्या दोन्ही पायांवर आटे असतात आणि त्यांवर आट्यांचे बुश बसतात. झुलण्याची सगळी झीज या आट्यांवर येते, म्हणून तिथे ग्रीस लागतं. आमच्या जीपला ते कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. शॅकल हाताने खुळखुळ हलत होता.

जुने बोल्ट निघेनात. डिझेल सोडून रात्रभर ठेवले, तेव्हा कुठे हलले. पाटे शिकंज्यात दाबून मगच मधला बोल्ट काढला, नाहीतर ते उसळून तोंडावर येतात. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासला. एकाला तडा होता, तो साताऱ्यात कमानवाल्याकडून बदलून आणला. चार दिवस असे गेले आणि मला वाटायला लागलं, आपल्याला सगळं येतं.

पाचव्या दिवशी डाव्या बाजूचे नवे बुश बसवायचे होते. आबा म्हणाले, "आधी शॅकल पुसून बघ, खूण असेल." मी पुसला नाही. खालचा बुश एक वेढा बसला आणि अडकला. मी पान्याला पाइप लावला आणि जोर केला. कर्र असा आवाज झाला आणि बुश तिरका आत गेला. वर भरपूर ग्रीस चोपडलं.

आबांनी विचारलं, "हाताने फिरला का रे?"

मी म्हणालो, "हो आबा."

रात्री झोप आली नाही. तो पाय निसटला तर पाटा सुटेल, अ‍ॅक्सल तिरका होईल आणि चाक हातात राहणार नाही, हे आबांनीच मला शिकवलं होतं.

सकाळी आबांनी इंजिन चालू केलं. माझी धाकटी बहीण पळत येऊन शेजारच्या सीटवर बसली. या जीपला दारं नसतात. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

आबांनी इंजिन बंद केलं, बहिणीला खाली उतरवलं आणि मला एवढंच म्हणाले, "काढ."

बुश निघाला तेव्हा ग्रीसमधून लोखंडाचा चुरा आला. आबांनी तो बोटांत चोळून पाहिला. मग माझं बोट धरून शॅकलच्या खालच्या पायावर फिरवलं. तिथे बारीकसा उंचवटा होता. त्याचा अर्थ, या पायाचे आटे उलटे आहेत. त्याच्या बुशच्या डोक्यावर खाच असते. तसा बुश पिशवीत होता, मी तो पाहिलाच नव्हता.

"बुश गेला त्याचं काही नाही, बुश मिळतो," आबा म्हणाले. "पण काल मी विचारलं होतं." दिवसभर ते माझ्याशी याहून जास्त बोलले नाहीत.

नवा शॅकल पुण्याहून यायला नऊ दिवस लागले. पैसे मी माझ्या साठवलेल्या पैशांतून दिले. या वेळी खाच असलेला बुश घेतला आणि डावीकडे फिरवला. तो पान्याशिवाय, दोन बोटांनी सुरू झाला. आबांनी विचारायच्या आधीच मी त्यांना बोलावून दाखवलं.

तोपर्यंत सुट्टी संपली. डावी बाजू झाली, उजवी राहिली. बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. इथे शाळेत रोज रात्री हजेरीच्या वेळी आम्हाला विचारतात, बूट झाले का, कपाट लावलं का. पूर्वी मी न बघताच 'यस सर' म्हणायचो. आता एकदा मागे वळून बघतो.

गेल्या आठवड्यात आबांचं पत्र आलं. शेवटी लिहिलं आहे, "उजव्या शॅकलवर खूण आहे की नाही, ते मी बघून ठेवलेलं नाही. तू येऊन बघ."