डावा हात

पन्नाशी उलटल्यावर माणसाने तीर्थयात्रेस निघावे, नातवंडांस गोष्टी सांगाव्या, फार तर आत्मचरित्र लिहावयास घ्यावे. परंतु पियानो शिकू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे. तो संकेत आम्ही गेली दोन वर्षे मोडीत आहोत. गुरू केला नाही. मुलांसाठी लिहिलेले एक प्राथमिक पुस्तक, एक पेन्सिल आणि विजेवर चालणारा एक पियानो, एवढ्याच भांडवलावर हा उद्योग चालला आहे. कानांस हेडफोन लावून वाजविता येत असल्यामुळे शेजाऱ्यांचा आणि आमचा स्नेह अद्याप अभंग आहे.

हितचिंतक विचारतात, ‘‘या वयात हे कशासाठी?’’ मैफल गाजविण्याचा भ्रम आम्हांस नाही. मग कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्या डाव्या हाताने दिले.

पुष्कळ मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरी बाजाची पेटी होती. पेटीवर उजव्या हाताची बोटे गातात आणि डावा हात भाता हलवितो. भाता थांबला की गाणे थांबते; तरी दाद मिळते ती बोटांना. व्यवहारातही हाच क्रम. कागद डाव्याने धरावा आणि सही उजव्याने करावी. तीर्थप्रसाद उजव्याने घ्यावा. आपल्या भाषेने तर निवाडाच करून टाकला आहे: सरस ते उजवे, उणे ते डावे, आणि उपेक्षा करणे म्हणजे डावलणे!

पियानोवर ही उतरंड चालत नाही. त्याच्या ८८ पट्ट्यांपैकी खर्जाकडील मुलूख बहुतांशी डाव्या हाताच्या ताब्यात असतो, आणि तेथे भाता नाही. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने अशी योजना सिद्ध केली, की पट्टी दाबताच हातोडी तारेवर आघात करून तत्काळ मागे फिरावी, आणि बोटाच्या जोराप्रमाणे सूर मृदू अथवा प्रबळ निघावा. आमच्या वाद्यात तारा नाहीत. परंतु बोटाचा जोर ओळखण्याचा गुण त्यातही आणलेला आहे. सूर एकदा निघाला की त्यास वळविता येत नाही. मींड अशक्य! ख्यालावर पोसलेल्या कानांस हे आरंभी फार जाचते. मात्र एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची वाट बंद झाली, म्हणूनच एकाच वेळी चालणाऱ्या दोन निरनिराळ्या स्वरमालिकांकडे आमचे लक्ष गेले.

दोन्ही हातांनी साधा आरोह करून पाहावा. उजव्या हाताचा अंगठा षड्जावर आणि पुन्हा मध्यमावर येतो. डाव्याचा अंगठा पंचमावर आणि तारषड्जावर. म्हणजे एक हात वळण घेत असता दुसऱ्याने सरळ चालावयाचे. डावा हात प्रथम उजव्याची नक्कल करू पाहतो, कारण जन्मभर तो त्याच्या धोरणानेच वागला. त्याला स्वतंत्र बुद्धी येण्यास महिने लागतात. उपाय एकच: चार आवर्तने घ्यावी, प्रत्येक हाताकडून ती निरनिराळी आणि अतिशय संथ वाजवून घ्यावी, आणि मगच दोहोंची गाठ घालावी.

आम्ही निवडला तो पेत्सोल्टचा सोल मेजरमधील मिन्युएट. बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत तो आहे, आणि म्हणून दीर्घकाळ तो बाखचाच समजला गेला. तीन-तीन मात्रांची ३२ आवर्तने. आरंभी डावा हात बहुधा लांब स्वर धरून उभा असतो. सातव्या आवर्तनात तो स्वतःच्या पायांनी चालू लागतो. आठव्यात उजवा विसावतो आणि खालून डावा पुढील ओळीची वाट दाखवितो. हे आठवे आवर्तन ज्या रात्री प्रथम जुळले, त्या रात्री आम्ही ते वीस वेळा तरी वाजविले असेल.

याचे कारण संगीताबाहेरचे आहे. आमची तीस वर्षे कचेरीत गेली. मसुदे आमचे, सही वरिष्ठांची; भाषणे आमची, टाळ्या दुसऱ्यांस. यात कोणी अन्याय केला असे नव्हे. कामाची वाटणीच तशी होती. परंतु सेवानिवृत्तीनंतर, दुपारच्या निवांत वेळी, आपण एवढी वर्षे नेमके काय केले, हा प्रश्न माणसाच्या समोर येऊन बसतो, आणि तो सहजासहजी उठत नाही. त्या आठव्या आवर्तनाने आम्हांस एवढे दाखविले, की खालची ओळ ही वरच्या ओळीची चाकरी नव्हे. ती काढून टाकली तर वरची ओळ उरते खरी, पण तिच्या पायांखालची जमीन जाते.

पाउल विट्गेनश्टाइन या व्हिएन्नाच्या पियानोवादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. त्याच्या विनंतीवरून रॅव्हेलने केवळ डाव्या हातासाठी एक कॉन्चेर्टो रचला. १९३० साली तो पूर्ण झाला. समोर सबंध वाद्यवृंद आणि त्याच्याशी बोलणारा एकटा डावा हात! आमच्या हातून त्यातले एक आवर्तनही कधी वाजणार नाही, पण ऐकताना आता आम्हांस निराळे ऐकू येते. भीमसेनांच्या गाण्यामागचे तंबोरे आणि नाट्यपदामागची ऑर्गनची साथ यांकडेही आता कान आपोआप वळतो.

हितचिंतकांस आमचे उत्तर इतकेच. बालपणी विद्या पुढील आयुष्यासाठी शिकावयाची असते. उतारवयात ती मागील आयुष्य ऐकू यावे म्हणून शिकावी. आमची मिन्युएटची सोळा आवर्तने झाली आहेत, सोळा राहिली आहेत. घाई नाही, डाव्या हाताला घाई चालत नाही.